मेंदूविकारांतली आरोग्य विषमता : संशोधकांची पहिली तुकडी घडवताना

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतले जवळजवळ ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. वेळेत निदान झालं आणि औषध सुरू राहिलं, तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. तरी कमी उत्पन्नाच्या देशांत चारांतल्या तिघांपर्यंत उपचार पोहोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे हे आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवा, की फेनोबार्बिटल हे फिट थांबवणारं औषध १९१२ पासून वापरात आहे. शंभर वर्षांहून जुनं औषध रुग्णापर्यंत जाताना वाटेत कुठे थांबतं, हा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि तो सोपा नाही.

पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, सगळीकडे तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच. या प्रश्नावर काम करणारी माणसं मात्र आपोआप तयार होत नाहीत. न्यूरॉलॉजीत आजार शिकवतात, सार्वजनिक आरोग्यात आकडे शिकवतात, आणि मधली जागा रिकामी राहते. ज्या विभागाला दोन वर्षांचा प्रशिक्षण कार्यक्रम पहिल्यांदाच सुरू करायचा आहे, त्याने काय आणि कोणत्या क्रमाने करावं, ते पुढे दिलं आहे. प्रशिक्षणार्थी म्हणून येणाऱ्यालाही आपल्या कार्यक्रमाकडे काय मागावं ते यातून कळेल.

नवे कार्यक्रम बहुधा एकाच जागी रुततात. प्रशिक्षणार्थी हाताशी असलेल्या नोंदी घेतो, दोन गटांत तफावत आहे हे दाखवतो, शोधनिबंध छापून येतो आणि तफावत होती तिथेच राहते. तफावत शोधणं, तिचं कारण समजून घेणं आणि ती कमी करणं हे या संशोधनाचे तीन टप्पे. दोन वर्षांत प्रत्येकाने तिन्हींना हात घातलाच पाहिजे, तिसऱ्याला अगदी छोट्या प्रमाणावर का होईना. पुढची सगळी मांडणी या एका अटीवर उभी आहे.

तुकडी येण्याआधीचे सहा महिने

पहिल्या तुकडीत चारांपेक्षा जास्त जण घेऊ नका. प्रत्येकाला तीन मार्गदर्शक लागतात: एक आजार जाणणारा, एक अभ्यासरचना आणि संख्याशास्त्र जाणणारा, आणि एक ज्या लोकांवर अभ्यास होणार त्यांच्यातलाच किंवा त्यांच्यासोबत अनेक वर्षं काम केलेला. हा तिसरा मार्गदर्शक बहुतेक ठिकाणी शोभेचा ठरतो. त्याला मानधन द्या आणि संशोधनाचा प्रश्न ठरवताना मत द्या, नाहीतर त्याला बोलावूच नका. पद्धतीच्या मार्गदर्शकाची भेट दर आठवड्याला एक तास, बाकी दोघांची पंधरा दिवसांतून एकदा, आणि तिघांची एकत्र बैठक दर तीन महिन्यांनी. एकत्र बैठका टळल्या की तिघे तीन दिशांना ओढू लागतात, आणि हे उघड होईपर्यंत पहिलं वर्ष सरत आलेलं असतं.

संशोधनासाठी राखलेला वेळ लेखी ठरवा. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची 'के' प्रकारची करिअर अनुदानं बहुतेक वेळा ७५ टक्के वेळ राखून ठेवण्याची अट घालतात, ती उगाच नाही. 'जमेल तसा वेळ देऊ' असं तोंडी ठरलेलं असलं की ओपीडी आणि ड्युट्या तो वेळ गिळतात. विभागप्रमुखाच्या सहीचा एक कागद असू द्या आणि त्यावर आठवड्याचे वार लिहिलेले असू द्या.

नोंदी वापरण्याची परवानगी तुकडी येण्याआधीच हातात हवी. नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णालयाशी डेटाचा करार यांना कित्येक महिने लागतात. प्रशिक्षणार्थी आल्यावर अर्ज केला, तर त्याचं पहिलं वर्ष वाट पाहण्यात जातं. किमान एक डेटासंच साफ करून, त्यातल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून तयार ठेवा.

निवड करताना फक्त शोधनिबंधांची संख्या पाहिली, तर आधीच संधी मिळालेल्यांनाच पुन्हा संधी मिळते. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवक, आरोग्य कार्यकर्ते यांनाही अर्ज करू द्या. मुलाखतीत एक तक्ता समोर ठेवा, त्यात दोन गटांमधली तफावत दिसत असावी, आणि विचारा, 'आता तुम्हाला आणखी काय कळायला हवं?' जो लगेच कारण सांगून मोकळा होतो त्याच्यापेक्षा जो 'हे कोणाला मोजून काढलं?' असं विचारतो, तो या कामाला जास्त लायक.

पहिले सहा आठवडे : साखळी काढणं

वर्गातली व्याख्यानं सुरू करण्याआधी प्रत्येकाला एक आजार द्या आणि एका पानावर रुग्णाची वाट काढायला सांगा. पक्षाघाताची वाट अशी असते: जोखीम (रक्तदाब, मधुमेह, तंबाखू), आजार होणं, घरच्यांना लक्षण ओळखू येणं, वाहन मिळणं, सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोहोचणं, गुठळी विरघळवणारं औषध, वॉर्ड, घरी पाठवणं, पुनर्वसन, आणि दुसरा झटका येऊ नये म्हणून आयुष्यभराची औषधं. प्रत्येक कडीपाशी तीन गोष्टी लिहायच्या: इथवर किती जण येतात, पुढे किती जातात, आणि हा आकडा कुठून मिळाला. जिथे आकडाच मिळत नाही तिथे रिकामा चौकोन ठेवायचा. सहा आठवड्यांच्या शेवटी त्या रिकाम्या चौकोनांतूनच संशोधनाचा प्रश्न निवडायचा.

या व्यायामाला इतकं महत्त्व का, ते अमेरिकेतल्या रिगार्ड्स अभ्यासावरून कळतं. २००३ ते २००७ या काळात त्यात ४५ वर्षांवरच्या ३०,२३९ कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय लोकांची नोंद झाली. कृष्णवर्णीयांत पक्षाघाताने होणारे मृत्यू जास्त आहेत हे आधीपासून माहीत होतं, आणि सहज मनात येणारं कारण म्हणजे त्यांना रुग्णालयात कमी दर्जाचे उपचार मिळत असावेत. या अभ्यासात दिसलं ते असं: पक्षाघात झाल्यावर मृत्यू येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं होतं, फरक होता तो मुळात पक्षाघात होण्यातच. तोही पंचेचाळिशी-पन्नाशीत सर्वांत मोठा, आणि पंच्याऐंशीनंतर उरतच नाही. म्हणजे मृत्यूंमधली दरी कमी करायची, तर जोर मध्यमवयातल्या प्रतिबंधावर द्यायला हवा. साखळी न काढता उपाय ठरवला असता, तर सगळी ताकद चुकीच्या कडीवर गेली असती. पुनर्वसनात किंवा अपंगत्वात मात्र वेगळी कडी तुटलेली असू शकते. प्रत्येक परिणामासाठी साखळी नव्याने तपासावी लागते.

अपस्मारात हीच वाट काढली, तर पहिल्या दोन कड्यांवरच गळती दिसते: लपवलेला आजार आणि निदान करणाऱ्याचा अभाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या न्यूरॉलॉजी ॲटलासनुसार कमी उत्पन्नाच्या देशांत १ लाख लोकांमागे मेंदूविकारांचे तज्ज्ञ ०.१ आहेत, तर जास्त उत्पन्नाच्या देशांत ७.१. अशा ठिकाणी तज्ज्ञांवर अवलंबून असलेला उपाय सुचवणं म्हणजे आडात नसलेलं पाणी पोहऱ्यात शोधणं.

मोजमाप : इथे घाई करू नका

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यापर्यंतचा काळ मोजमापाला द्या. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या दिसायला अगदी बरोबर दिसतात.

पहिली चूक छेदाची, म्हणजे कोणाकोणाला धरून मोजलं त्याची. नोंदवहीत फक्त निदान झालेला माणूस येतो. जिथे एमआरआय नाही तिथे मल्टिपल स्क्लेरोसिस दुर्मीळ 'दिसतो', आणि जिथे फिट लपवल्या जातात तिथे अपस्मार. घरोघरी जाऊन दोन पायऱ्यांत पाहणी करणार असाल, म्हणजे आधी प्रश्नावली आणि मग डॉक्टरांची तपासणी, तर प्रश्नावलीत 'नाही' आलेल्यांतलाही एक भाग, समजा १० टक्के, यादृच्छिक निवडून तपासा. हे वगळलं की प्रश्नावलीने किती जण हुकवले ते कधीच कळत नाही, आणि बोलायला बिचकणाऱ्या गटातच ती जास्त हुकवते.

दुसरी चूक तुलनेच्या प्रकाराची. समजा एका गटात १,००० मागे २० मृत्यू होते ते १० झाले, दुसऱ्यात ४० होते ते २४ झाले. गुणोत्तर पाहिलं तर २ वरून २.४ झालं, दरी वाढली. वजाबाकी पाहिली तर २० वरून १४ झाली, दरी घटली. दोन्ही विधानं खरी आहेत. म्हणून प्रत्येक तक्त्यात दोन्ही मापं आणि मूळ दर लिहायचे हा नियमच करा. हवं तेवढंच माप निवडण्याची वाट बंद होते.

तिसरी चूक सर्वांत खोल आहे आणि ती उत्तम संख्याशास्त्र शिकलेलेही करतात. दोन गटांतली पक्षाघाताची तफावत घेतात, वय, शिक्षण, उत्पन्न, रक्तदाब, मधुमेह सगळं समीकरणात टाकतात, तफावत नाहीशी होते, आणि निष्कर्ष लिहितात, 'समायोजनानंतर विषमता आढळली नाही.' पण गटामुळे शिक्षण हुकलं, शिक्षणामुळे काम हुकलं, त्यातून रक्तदाबाची औषधं सुटली, हीच तर विषमतेची वाट होती. वाटच पुसून टाकली तर मुक्काम कसा दिसणार? प्रशिक्षणार्थीने गणित सुरू करण्याआधी बाणांची आकृती काढावी: कोणती गोष्ट कशाला कारण आहे. मग दोन वेगळी मॉडेल्स आधीच लिहून ठेवावीत. पहिल्यात फक्त वय आणि लिंग, म्हणजे एकूण तफावत कळते. दुसऱ्यात मधल्या वाटेवरचे घटक एकेक करून, म्हणजे तफावतीचा किती भाग कोणत्या वाटेने येतो ते कळतं. दुसऱ्याचा निष्कर्ष पहिल्याच्या जागी छापायचा नाही.

चौथी चूक रुग्णालयाच्या दारात होते. दूर राहणाऱ्या गटातला सौम्य पक्षाघाताचा रुग्ण घरीच राहतो, अतिगंभीर वाटेतच दगावतो. जवळच्या गटातले सगळेच पोहोचतात. मग फक्त भरती झालेल्यांची तुलना केली की दोन वेगळ्या चाळण्यांतून आलेलं धान्य तोलल्यासारखं होतं. अशा अभ्यासातून कधीकधी वंचित गटाची स्थिती बरी दिसते, आणि नवखा संशोधक त्याला जैविक संरक्षण म्हणून मोकळा होतो. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूंच्या नोंदी जोडता येतात का, ते आधी पाहा.

गहाळ माहितीकडेही असंच पाहायला शिकवा. पक्षाघातात गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची ४.५ तासांची खिडकी 'शेवटचं धडधाकट कधी पाहिलं' या वेळेपासून मोजतात. एकटं राहणाऱ्याची ही वेळ कोणी सांगू शकत नाही. त्या रकान्यातली पोकळीच गटागणिक वेगळी असते. तिचा वेगळा तक्ता काढा. ९० दिवसांनी अपंगत्व मोजणाऱ्या रँकिनच्या ० ते ६ मोजपट्टीवर स्थिती विचारायची असेल, तर नाव नोंदवतानाच आणखी तीन जणांचे संपर्क क्रमांक घ्या. फोन बदलणारा, घर बदलणारा रुग्णच आधी हरवतो, आणि त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप चाललेला असतो.

नमुन्याच्या आकाराबद्दल दोन आकडे पाठ करून घ्या. मूळ परिणाम पकडायला ४०० जण पुरत असतील, तर तेवढ्याच मोठ्या फरकाने तो दोन समान गटांत वेगळा आहे का हे पाहायला सुमारे १,६०० लागतात. आणि दवाखानेच्या दवाखाने निवडून अभ्यास केला, तर नमुना १ + (म − १) × र या पटीने वाढवावा लागतो. म म्हणजे प्रत्येक दवाखान्यातले रुग्ण, र म्हणजे एकाच दवाखान्यातल्या रुग्णांमधलं साम्य. म २१ आणि र ०.०५ धरला तर पट बरोबर २ येते, म्हणजे ४०० चे ८००. हे न मोजता उपगटांची चाळण केली की हाती लागतो तो योगायोग.

'वंश' हा रकाना

फॉर्मवर वंशाचा रकाना असतो म्हणून तो मॉडेलमध्ये जातो, आणि मग त्याचा गुणांक रक्तातला काही दोष असल्यासारखा वाचला जातो. प्रशिक्षणार्थीला प्रत्येक वेळी लिहायला लावा: हा रकाना कोणी भरला, रुग्णाने की कारकुनाने, आणि तो इथे कशाच्या बदली उभा आहे? भेदभावाच्या अनुभवाच्या, राहत्या वस्तीच्या, विम्याच्या, भाषेच्या, की एखाद्या जनुकाच्या? शक्य असेल तिथे ती खरी गोष्टच मोजावी.

जनुकाचं उदाहरण घ्या. कार्बामाझेपीन हे फिटवरचं औषध घेणाऱ्यांत एचएलए-बी*१५:०२ हे जनुकरूप असेल तर त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका मोठा असतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांबाबत इशारा दिला. पण जपान आणि कोरियात हे रूप १ टक्क्याहूनही कमी लोकांत आढळतं, तर आग्नेय आशियातल्या काही लोकसमूहांत कितीतरी जास्त. 'आशियाई' या एका शब्दाने दोघांनाही नीट न्याय मिळत नाही. तपासायचं असतं ते जनुक. उलट बाजूनेही शिकण्यासारखं आहे. पार्किन्सन्सची जनुकीय माहिती बरीच वर्षं प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांकडून गोळा होत गेली. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा पुरेसा डेटा जमल्यावर २०२३ मध्ये जीबीए१ जनुकातला एक वेगळाच बदल समोर आला. कोणाला अभ्यासात घेतलं नाही, यावर काय सापडलं नाही हे ठरतं.

वंशाचा रकाना किती नुकसान करू शकतो हे अमेरिकन फुटबॉलपटूंच्या मेंदूइजा भरपाईत दिसलं. आकलन चाचण्यांत कृष्णवर्णीयांची मूळ पातळीच कमी धरणारे मानक वापरले जात होते, त्यामुळे तेवढेच गुण पडूनही कृष्णवर्णीय खेळाडूला स्मृतिभ्रंशाची भरपाई मिळणं कठीण होई. २०२१ मध्ये एनएफएल या फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने हे मानक सोडण्याचं मान्य केलं आणि २०२२ मध्ये न्यायालयाने बदललेल्या अटींना मंजुरी दिली. पहिल्या वर्षात या प्रकरणावर एक पूर्ण दुपार द्या.

साधनं तपासून घ्या

स्मरण आणि आकलन तपासणारी ३० गुणांची एमएमएसई चाचणी वाचायला, वाक्य लिहायला, आकृती उतरवायला आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगते. कधी शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचे गुण इथे आजार नसतानाही कमी पडतात. तशीच मोका चाचणी १२ वर्षं किंवा कमी शिक्षण झालेल्याला १ गुण वाढवून देते, पण शून्य आणि बारा वर्षांतलं अंतर एका गुणाने भरून निघत नाही. ऑस्ट्रेलियात अनेक भाषा बोलणाऱ्यांसाठी तयार झालेली रुडास चाचणी, किंवा १०/६६ या स्मृतिभ्रंश संशोधन गटाची पद्धत अशा ठिकाणी आधी पाहावी. त्या गटाच्या नावातच दुखणं आहे: स्मृतिभ्रंशाचे दोन तृतीयांश रुग्ण विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावर होणारं संशोधन १० टक्क्यांहून कमी.

चाचणी दुसऱ्या भाषेत न्यायची असेल तर दोन जणांकडून वेगवेगळं भाषांतर, त्यांचा मेळ, मूळ चाचणी न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, आणि मग ३० ते ४० लोकांवर पूर्वचाचणी. पूर्वचाचणीत उत्तर बरोबर आलं का एवढंच पाहू नका. 'हा प्रश्न तुम्हाला काय विचारतोय असं वाटलं?' हे विचारा. उलट भाषांतर हुबेहूब जुळूनही प्रश्न घराघरात न वापरल्या जाणाऱ्या शब्दांत अडकलेला असतो. नवी चाचणी जुन्या गुणसीमेवर वापरायची नाही. गुणसीमा नव्याने ठरवावी लागते.

यंत्रंही तटस्थ नसतात. मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवणाऱ्या ईईजीचे इलेक्ट्रोड दाट, कुरळ्या केसांतून टाळूला नीट टेकत नाहीत, सिग्नल खराब येतो आणि तो रुग्ण 'अपुरा डेटा' म्हणून अभ्यासातून बाहेर जातो. केसांच्या घट्ट वेण्या इलेक्ट्रोडच्या ठरलेल्या जागांच्या (१०–२० पद्धत) रेषांना धरून घातल्या की टाळू मोकळी राहते आणि संपर्क सुधारतो. तंत्रज्ञांना हे शिकवायला एक दिवस पुरतो. वगळलेल्या नोंदींची गटनिहाय मोजणी दर महिन्याला करायला सांगा.

लोकांबरोबर काम

सल्लागार गट ८ ते १२ जणांचा असावा: रुग्ण, सांभाळ करणारे, स्थानिक आरोग्य कार्यकर्ते. त्यांना प्रश्न ठरण्याआधी बोलवा. अनुदान मंजूर झाल्यावर बोलावलेल्या गटाला फक्त होकार देता येतो, आणि त्यांना ते लगेच कळतं. बैठकीची वेळ त्यांच्या कामाच्या वेळा पाहून ठरवा, प्रवासखर्च आणि मानधन त्याच दिवशी द्या. हिशेबखात्यातून तीन महिन्यांनी येणारे पैसे कोणालाही पुढच्या बैठकीला आणत नाहीत. डेटा कोणाच्या ताब्यात राहील, निष्कर्ष छापण्याआधी कोण वाचेल, मतभेद झाला तर काय करायचं, हे दोन पानांच्या करारात लिहा.

विश्वास का कमी असतो हे प्रशिक्षणार्थीला माहीत असलंच पाहिजे. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं, पेनिसिलीन उपलब्ध झाल्यानंतरही. सिफिलिस मेंदूपर्यंत जातो. न्यूरॉलॉजीच्या संशोधकाने हा इतिहास आपल्याच शाखेचा म्हणून वाचावा. लोक 'सहकार्य करत नाहीत' हे वाक्य अहवालात आलं की मार्गदर्शकाने ते खोडून विचारावं: आपण विश्वास बसेल असं काय केलं?

संमतीचा प्रश्न मेंदूविकारांत वेगळा आहे. वाचाघात झालेल्या रुग्णाला समजतं पण बोलता येत नाही, आणि बरेच अभ्यास त्याला सरळ वगळतात. चित्रांची संमतीपत्रिका, छोटी वाक्यं, हो-नाही कार्ड आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ, एवढ्यावर अनेकांना स्वतः संमती देता येते. स्मृतिभ्रंशात नातेवाइकाच्या संमतीसोबत रुग्णाचा होकारही घ्या, आणि लांबणाऱ्या अभ्यासात तो पुन्हा पुन्हा विचारा. समजलं का हे 'समजलं ना?' असं विचारून कळत नाही. 'आता तुमच्या शब्दांत मला सांगा' म्हणावं. आणखी एक लपलेली गाळणी: स्मृतिभ्रंशाच्या औषधचाचण्या रुग्णासोबत नियमित येणारा जोडीदार मागतात. रोजंदारीवर काम करणारी मुलगी तो वेळ देऊ शकत नाही, म्हणून आई अभ्यासाबाहेर राहते. संध्याकाळची भेट, फोनवरून माहिती, बुडालेल्या रोजाची भरपाई, यांची तरतूद आराखड्यातच हवी.

दुसरं वर्ष : एक कडी जोडून पाहणं

तेराव्या महिन्यात प्रत्येकाने साखळीतली एकच कडी निवडावी आणि तिच्यावर छोटा उपाय करून पाहावा: ३० ते ५० रुग्ण, सहा महिने. या टप्प्यावर उपाय चालतो हे सिद्ध करायचं नसतं. किती जणांना विचारलं, किती आले, किती टिकले, कोण गळाले आणि का, एवढं मोजायचं असतं.

उपायच विषमता वाढवू शकतो, हे ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांच्या १९७१ च्या मांडणीपासून सगळ्यांना माहीत आहे, तरी विसरलं जातं. ज्यांना गरज जास्त त्यांना चांगली सेवा कमी, असं त्यांनी म्हटलं होतं. रक्तदाबाची आठवण करून देणारं मोबाइल ॲप आधी त्यांच्याच हातात जातं ज्यांचा रक्तदाब बरा आहे. म्हणून पोहोच, परिणाम, किती ठिकाणांनी स्वीकारलं, ठरल्याप्रमाणे राबवलं का, आणि पुढे टिकलं का, ही रि-एम चौकटीतली पाचही अंगं प्रत्येक गटासाठी वेगळी लिहा. सगळ्यांची सरासरी सुधारली, हा निकाल इथे अपुरा आहे.

मोठ्या अभ्यासाचा आराखडा करताना समाजाला 'अर्ध्यांना उपाय, अर्ध्यांना काहीच नाही' हे मान्य होत नाही. तिथे पायरीपायरीने सर्व दवाखान्यांना उपाय देणारी रचना वापरता येते. फक्त कोणाची पाळी कधी हे चिठ्ठीने ठरतं. तिचं गणित अवघड आहे, काळाबरोबर होणारे बदल वेगळे काढावे लागतात, म्हणून पद्धतीचा मार्गदर्शक पहिल्या दिवसापासून सोबत हवा.

अनुदान आणि टिकून राहणं

पंधराव्या महिन्यात अर्ज लिहायला घ्या. तीन वेळा पूर्ण पुनर्लेखन धरून चाला. एनआयएचच्या अर्जांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात कृष्णवर्णीय संशोधकांच्या यशातल्या तफावतीचा २० टक्क्यांहून जास्त भाग विषयाच्या निवडीने समजावता आला. लोकसमूहांच्या आरोग्याबद्दलचे विषय पेशी आणि रेणूंच्या विषयांपेक्षा कमी मंजूर होत होते. हे प्रशिक्षणार्थीला आधीच सांगा, विषय बदलण्यासाठी नव्हे, तर अर्ज त्या दृष्टीने मजबूत करण्यासाठी: साखळीतली नेमकी कडी, तिचा आकडा, आणि छोट्या उपायाच्या प्रयोगात किती जण टिकले, हे पहिल्याच पानावर.

वंचित समाजातून आलेल्या प्रशिक्षणार्थीवर प्रत्येक समिती, प्रत्येक परिसंवाद, प्रत्येक दुभाष्याचं काम येऊन पडतं. वर्षाला एकच अशी जबाबदारी, आणि बाकीच्यांना नकार मार्गदर्शकाने कळवायचा. अठराव्या महिन्यात राखीव वेळ खरोखर किती मिळाला ते रोजनिशीवरून मोजा. ठरलेल्या वेळेच्या तीन चतुर्थांशाहून कमी भरत असेल, तर विभागप्रमुखाला त्याच्या सहीचा तो कागद दाखवण्याचं काम कार्यक्रमाच्या संचालकाचं आहे, प्रशिक्षणार्थीचं नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत निष्कर्ष आधी सल्लागार गटापुढे, साध्या भाषेत, एका पानावर आणि तोंडी मांडायचे. त्यांच्या शंका लिहून घ्यायच्या आणि निबंधात त्यांना उत्तर द्यायचं. त्याच काळात नवा प्रशिक्षणार्थी जुन्यासोबत जोडीने काम करू दे. पहिल्या दोन बैठकांना जुन्याने नव्याला सोबत न्यावं. तिसरीला नव्याने एकट्याने जावं, आणि सुरुवातीलाच मागच्या अभ्यासात दिलेलं कोणतं आश्वासन अजून बाकी आहे, त्याची यादी वाचून दाखवावी.